हँडगार्ड बसवल्यावर रेस अडकते, ब्रेक घासतो, गार्ड खाली वळतो: कुठून तपासायचं?

मे महिना लागला की मोटरसायकलच्या हँडगार्डची (मुठीसमोर बसणारं, हात आणि लिव्हर वाचवणारं कवच) खरेदी सुरू होते. कुणाला लडाख-स्पितीला जायचं असतं, कुणाला पावसाळ्यात आंबोली-वरंधा करताना बोटांवर पाण्याचा मारा नको असतो, कुणी गाडी आडवी पाडून क्लचची लिव्हर तोडलेली असते. गार्ड घरी येतो, रविवारी दोन एल-की (षटकोनी पाने) घेऊन बसवला जातो आणि पुढच्या आठवड्यात गाडी दुरुस्तीला उभी. गाडी कुठलीही असो, तक्रारी त्याच त्या येतात. म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

लक्षणं

- मूठ सोडली तरी रेस पूर्ण खाली येत नाही, किंवा रेंगाळत येते.
- न्यूट्रलमध्ये हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की रेस आपोआप चढते.
- ब्रेक धरलेला नसताना मागचा लाल दिवा पेटलेला राहतो, गाडी ढकलताना जड लागते, पुढची डिस्क विनाकारण तापते.
- चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. किंवा उलट, क्लच एकाएकी जड झालाय.
- गार्ड हळूहळू खाली वळतो, हाताने फिरवला तर फिरतो, बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतात.
- मुठीत झिणझिण्या येतात, आरशात मागचं धूसर दिसतं.
- वेग वाढला की हँडल हलकं पडतं, डुलतं.
- स्क्रूभोवती प्लास्टिकला तडे गेलेत.

पहिल्या चारांपैकी एकही लक्षण असेल, तर ते निस्तरेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नाही. बाकीच्या लक्षणांवर सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हँडलवर पहिला हक्क मूठ, लिव्हर, वायर आणि ब्रेकच्या होजचा (ऑइलच्या नळीचा). त्यांना लागेल तेवढी जागा मिळाल्यावर जी उरेल ती गार्डची. लोक नेमकं उलटं करतात. गार्ड छान, सारखा दिसावा म्हणून लिव्हर खाली सरकवतात, होज वाकवतात, वायर टायने बांधून टाकतात. नव्वद टक्के भानगडी तिथूनच सुरू होतात.

गार्डचे ढोबळ प्रकार दोन. एक नुसता प्लास्टिकचा, एकाच बाजूने धरलेला. हिरो एक्सपल्स २०० किंवा सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स यांना कंपनीतून येतात ते साधारण या जातीचे, त्यांना नकल गार्ड म्हणतात. दुसरा अॅल्युमिनियमची पट्टी असलेला. त्याचं एक टोक हँडलच्या शेवटाला बोल्टने आणि दुसरं आतल्या बाजूला क्लॅम्पने धरलेलं असतं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण हँडलच्या टोकाशी, मुठीला अगदी खेटून हाच येतो. हत्यारं फार लागत नाहीत: ४, ५ आणि ६ मिमीच्या एल-की, टॉर्च, एक व्हिजिटिंग कार्ड, पांढरा मार्कर.

१. मूठ सोडून बघा

खर्च शून्य. इंजिन बंद ठेवा, हँडल सरळ. मूठ पूर्ण पिळा आणि हात एकदम काढून घ्या. मूठ खटकन जागेवर यायला हवी. मग हँडल पूर्ण डावीकडे नेऊन तेच करा, पूर्ण उजवीकडे नेऊन पुन्हा तेच.

इथवर बरेच जण करतात आणि 'ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. खरी परीक्षा यापुढे आहे. आता मूठ थोडीशीच, पाव भाग पिळा आणि सोडा. पूर्ण पिळल्यावर स्प्रिंगला ताण भरपूर असतो, त्यामुळे घासणारी मूठसुद्धा ती ओढून आणते. थोडी पिळलेली असताना स्प्रिंगचा जोर कमी पडतो आणि मूठ तिथेच राहते. गावातून, ट्रॅफिकमधून आपण नेमकी तेवढीच रेस वापरतो.

अडकत असेल तर उजव्या टोकाचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, गार्ड बाहेरच्या बाजूला ओढा आणि पुन्हा करून बघा. मूठ मोकळी झाली तर दोष गार्डचा. तरीही अडकत असेल तर दोष वायरचा किंवा आतला, त्यासाठी चौथा भाग वाचा.

दोष गार्डचा निघाला तर तो काढा आणि मुठीला टेकणारी त्याची कॉलर (टोकाची गोल कड) टॉर्चखाली धरा. तिच्यावर रबराची काळी, बारीक पूड बसलेली दिसेल आणि त्याखाली घासून चकचकीत झालेला भाग. हा भाग पूर्ण गोल असेल तर मूठ आणि गार्ड यांच्यात फटच ठेवलेली नाही. चंद्रकोरीएवढाच असेल तर फट आहे, पण गार्ड तिरका बसलाय. दोन्हीचे उपाय वेगळे (तिरक्या गार्डचा पाचव्या भागात), म्हणून बोल्ट नुसता सैल करून भागवू नका. सैल बोल्ट पुढच्या खड्ड्यात निघून जाईल.

फट नसेल तर आधी रबरी ग्रिपचं टोक बघा. मूळ ग्रिपचं टोक बहुधा बंद असतं, ते कापल्याशिवाय बोल्ट आत जात नाही. कापताना कडा ओबडधोबड राहिली की रबराची जीभ कॉलर आणि हँडलच्या मध्ये अडकते. उजव्या बाजूला रबराखाली प्लास्टिकची नळीसुद्धा असते. काही गाड्यांत तिचंही टोक बंद असतं आणि तेही नीट, गोल कापावं लागतं. धारदार कटर घ्या, हँडलच्या पाइपची कड धरून फिरवा. कात्रीने कुरतडू नका.

यानंतर व्हिजिटिंग कार्ड. कार्ड दुहेरी-तिहेरी घडी करून मूठ आणि कॉलरच्या फटीत घाला आणि मूठ फिरवा. कार्ड ओढलं जाता कामा नये. दीड-दोन मिमी फट पुरते. ती मिळत नसेल तर उजव्या बाजूचा स्विचचा डबा जरा आत सरकवता येतो का बघा. बऱ्याच गाड्यांत या डब्याच्या आत छोटी पिन असते आणि ती हँडलच्या भोकात बसलेली असते, मग डबा हलत नाही. पिन कापून तो सरकवणारे महाभाग भेटतात. तसं करू नका, कारण पिन गेली की मूठ पिळताना पूर्ण डबाच फिरू शकतो. त्यापेक्षा टोकाला स्पेसर (अंतर राखणारी कडी) घाला. स्पेसरचा बाहेरचा व्यास २२ मिमी किंवा त्याहून कमी हवा, म्हणजे तो पाइपच्या कडेवर टेकतो आणि फिरणाऱ्या नळीला लागत नाही. गार्डसोबत आलेल्या पिशवीत असे दोन स्पेसर बहुतेक वेळा असतातच. 'जास्तीचे आलेत' म्हणून लोकांनी ते टूलबॉक्समध्ये टाकलेले असतात.

ग्रिपवर चढवलेली फोमची कव्हरं हाही नेहमीचा गुन्हेगार. ती पावसात भिजली की बाहेरच्या बाजूला सरकतात आणि गार्डला टेकतात. काढून टाका. मनगटाला आराम म्हणून मुठीला लावतात ती प्लास्टिकची पट्टीही गार्डला किंवा लिव्हरला लागते का तपासा.

२. ब्रेकचा दिवा

तपासण्यांमधली माझी सगळ्यात आवडती. चावी चालू करा, मागे कुणाला तरी उभं करा किंवा दिव्याचा उजेड भिंतीवर पडेल अशी गाडी लावा. आता लिव्हरला हात न लावता उजवा गार्ड धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा. दिवा लुकलुकला तर गार्ड लिव्हरला लागतोय. सतत पेटलेला राहिला तर तो लिव्हर दाबूनच बसलाय. मात्र मागच्या पॅडलच्या स्विचमुळेही दिवा पेटू शकतो, तेव्हा पॅडल एकदा पायाने वर उचलून खात्री करा.

लिव्हर एखादा मिलिमीटर दाबलेली राहिली तर एवढं काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. बिघडतं ते असं. ब्रेक सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधला (लिव्हरपाशी ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागातला) पिस्टन पूर्ण मागे येतो, तेव्हा ऑइलच्या डब्याकडे जाणारं एक बारीक भोक उघडं होतं. पॅड घासून ऑइल तापलं की ते फुगतं, आणि फुगलेलं ऑइल या भोकातून डब्यात परत जातं. लिव्हर जरा जरी दाबलेली असेल तर भोक झाकलेलं राहतं. ऑइलला जायला वाट नाही, म्हणून ते पॅड आणखी दाबतं, डिस्क आणखी तापते, ऑइल आणखी फुगतं. हे चक्र वाढत वाढत पुढचं चाक रस्त्यातच जाम होऊ शकतं. नाहीतर ऑइल उकळून लिव्हर मऊ पडते आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नाही. दोन्ही परिणाम वाईटच.

उपाय बहुतेक वेळा फुकटचा असतो. लिव्हर आहे तिथेच राहू द्या, गार्डचा कोन बदला किंवा आतला क्लॅम्प एखाद सेंटिमीटर आत घ्या. मग लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबून बघा. दाबताना तिचं गोल टोक बाहेरच्या अंगाने सरकतं आणि पट्टीच्या आतल्या बाजूला लागू शकतं. सोडलेली असताना लिव्हर आणि गार्ड यांच्यात बोटभर मोकळी जागा हवी, कारण गाडी पडली की पट्टी थोडी आत वाकणारच. कंपनीच्या लांब लिव्हर मुळीच बसत नसतील तर आखूड लिव्हर मिळतात. पण त्या त्याच गाडीच्या मास्टर सिलिंडरसाठी बनवलेल्या हव्यात. पिस्टनला टेकणारं टोक वेगळ्या मापाचं असेल तर वर सांगितलेला रोग नव्या लिव्हरनेही होतो.

तपासणी झाली की पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. मधला स्टँड नसेल तर सपाट जागी गाडी ढकलून बघा. चाक मोकळं फिरत असेल आणि तरीही शंका असेल तर दोन-तीन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत सावकाश जाऊन या आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्रकन उडाले तर पॅड अजून घासतायत. बोट लावून बघू नका, भाजेल.

३. क्लच

इथे फार लिहायला नको. क्लच वायरचा असेल तर लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिमी मोकळी हालचाल हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गार्डने लिव्हर दाबून धरली की ही मोकळीक संपते, क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात. जळका वास येऊन गेला असेल तर प्लेटा मिस्त्रीला दाखवाव्या लागतील. मोकळीक गार्डमुळे संपली असेल तर गार्ड हलवा. वायरचा अॅडजस्टर फिरवून मोकळीक 'आणली' तर मूळ दोष फक्त झाकला जातो.

क्लच जड झाला असेल तर लिव्हरमधून बाहेर पडताना वायर बघा. क्लॅम्पच्या खालून काढताना तिला कडक वाक बसलेला असतो. तो मोकळा केला की क्लच पुन्हा पहिल्यासारखा हलका होतो.

४. हँडल वळवून वायरी आणि होज

गाडी मोकळ्या हवेत उभी करा, इंजिन चालू, न्यूट्रल. मूठ न धरता हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. रेसचा आवाज जराही बदलता कामा नये. बदलला तर रेसची वायर कुठेतरी ताणली जाते आहे. हिमालयन ४११, एक्सपल्स अशा वायरवाल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. केटीएम ३९० अॅडव्हेंचर किंवा हिमालयन ४५० मध्ये रेस इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे वायर ताणल्याने रेस चढण्याचा प्रश्न येत नाही. मूठ गार्डला घासण्याचा प्रश्न मात्र त्यांनाही आहेच, पहिला भाग त्यांनीही करायचा.

इंजिन बंद करा आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन टॉर्चने चार गोष्टी बघा. ब्रेकचा होज क्लॅम्प आणि हँडलच्या मध्ये चेपतोय का? स्विचकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा पट्टीखाली दबतोय का? पट्टी किंवा प्लास्टिक व्हायझरला, टाकीला लागतंय का? आणि घाईघाईने मारलेले केबल टाय कुठे आहेत? सरळ हँडलवर नीटनेटका दिसणारा टाय पूर्ण वळणावर वायरीचा गळा आवळतो. टाय कापा आणि पुन्हा बांधताना हँडल पूर्ण वळवलेलं ठेवूनच बांधा.

गार्डबरोबर हँडल उंच करणारे रायझरही बसवले असतील तर संशय आधी त्यांच्यावर घ्या. हँडल २५-३० मिमी वर गेलं की मूळ होज आणि वायरी आखूड पडतात, आणि दोष गार्डच्या नावावर जातो. होज ताणलेला असेल तर रायझर उतरवा किंवा लांब होज टाकून घ्या. होज बदलणं, त्यातली हवा काढणं, एबीएसच्या गाडीला तर हे काम घरी करायचंच नाही.

५. गार्ड फिरतो, खाली वळतो

इथे लोक जोर लावतात. पाना लांब करायला पाइप घालतात आणि क्लॅम्पचे आटे मारून बसतात. तीन गोष्टी बघितल्या तर एवढ्या जोराची गरज पडत नाही.

पहिली, माप. मुठीपाशी जवळजवळ सगळ्या हँडलचा बाहेरचा व्यास २२ मिमी असतो. पण केटीएमसारख्या गाड्यांवरचं जाड हँडल मधल्या भागात २८.६ मिमी असतं आणि तिथून मुठीकडे निमुळतं होत जातं. २२ चा क्लॅम्प निमुळत्या भागावर बसवला तर तो एकाच कडेवर धरतो आणि कितीही आवळला तरी फिरतोच. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंची फट बघा. एक बाजू पूर्ण मिटलेली आणि दुसरी आ वासलेली असेल तर माप चुकलंय किंवा बोल्ट एकाआड एक आवळलेले नाहीत. मध्ये रबराची पट्टी घालून भागवण्यापेक्षा योग्य मापाचा क्लॅम्प मागवा, रबर दबत जातं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

दुसरी, आवळण्याचा क्रम. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, गार्ड सहज हलला पाहिजे. सीटवर बसून, पावसाळी ग्लोव्ह्ज घालून कोन ठरवा. मग आधी टोकाचा बोल्ट, नंतर आतला क्लॅम्प, प्लास्टिक सगळ्यात शेवटी. क्लॅम्प हँडलवर मागे-पुढे सरकू शकतो, टोक सरकू शकत नाही. म्हणून टोक पक्कं झालं की क्लॅम्प आपली जागा आपण शोधतो. उलट क्रमाने गेलात तर पट्टी ताणात राहते, कॉलर तिरकी होते आणि पहिल्या भागातली चंद्रकोर तयार होते.

तिसरी, टोकातलं एक्स्पांडर. फाटलेल्या नळीत शंकूसारखा नट असतो. बोल्ट आवळला की शंकू बाहेर ओढला जातो आणि नळी फुगून पाइपला आतून धरते. पाइप आतून तेलकट असेल, किंवा ग्रिप चढवताना वापरलेलं साबणाचं पाणी आत राहिलं असेल, तर एक्स्पांडर नुसतं गरगर फिरतं. थिनरच्या चिंधीने पाइप आतून पुसा, पॉलिश पेपरचे चार हात मारा, आणि आवळताना बोल्ट बाहेर ओढून धरा म्हणजे शंकू चावतो. तरी धरत नसेल तर आतला व्यास व्हर्नियरने मोजा. लोखंडी आणि अॅल्युमिनियम हँडलच्या पाइपची जाडी वेगळी असते, त्यामुळे आतला व्यास १४ पासून १८ मिमीपर्यंत काहीही निघू शकतो. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा आकडा सांगा. आत अडकलेलं एक्स्पांडर काढायचं असेल तर बोल्ट चार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोका, शंकू सुटतो.

किती आवळायचं? गार्डच्या पत्रकात आकडा असेल तर तोच खरा. नसेल तर एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, अॅल्युमिनियमच्या आट्यांत याहून जास्त जाऊ नका. गोल डोक्याच्या एम ६ बोल्टला ४ मिमीची एल-की लागते आणि तिचा षटकोन लवकर गोल होतो. झिजलेली की वापरू नका, आणि खाच मातीने भरलेली असेल तर आधी टाचणीने साफ करा.

कोनाबद्दल माझं मत: पट्टी जमिनीला साधारण समांतर, लिव्हरच्या रेषेत. पुष्कळ जण ती खूप वर फिरवतात, वारा चांगला अडतो म्हणून. पण उभं राहून चालवताना मनगट वर जातं आणि पट्टीला आपटतं. पडताना हातही त्या चौकटीतून चटकन सुटत नाही. आणि रोज डांबरी रस्त्याने कामावर जायचं असेल तर अॅल्युमिनियमच्या पट्टीचा आग्रह कशाला? साधा प्लास्टिकचा नकल गार्ड वारा-पाऊस अडवतो, आणि या लेखातला अर्धा त्रास मुळात उद्भवत नाही.

६. बोल्ट सैल होतात, प्लास्टिक तडकतं

आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर मार्करने एक रेघ ओढा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. धातूत जाणाऱ्या बोल्टला मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव) एक थेंब लावा. लाल लावू नका, पुढे काढताना डोळ्यांत पाणी येईल. आणि प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला कुठलंच थ्रेडलॉकर नको. त्याने काही प्लास्टिक ठिसूळ होतं आणि स्क्रूच्या भोकापासून केसासारखे तडे निघतात. तिथे आत नायलॉनची रिंग असलेला नट आणि रुंद वॉशर चालतो, आणि आवळायचं ते वॉशर जेमतेम बसेपर्यंतच. कोकण-गोव्याकडे गाडी राहत असेल तर साधे लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये गंजून धरून बसतात, वर्षातून एकदा काढून साफ करून लावा.

७. झिणझिण्या

हँडलच्या टोकाची जड बार-एंड वेटं काढून त्या जागी गार्डचा बोल्ट लावला की हे होणारच. ती वेटं शोभेची नसतात. टोकाशी वजन असलं की हँडलची थरथर कमी होते. ज्या गार्डमध्ये वेट बसवायची सोय आहे तो घ्या, किंवा लांब बोल्ट वापरून मूळ वेट ठेवता येतं का बघा. बोल्ट एक्स्पांडरच्या नटात पुरेसा आत जातोय ना, हे आधी मोजून घ्या. टोकाचा बोल्ट सैल असला तरीही झिणझिण्या येतात, तेव्हा खर्चाआधी तो तपासा.

८. वेगात हँडल डुलतं

मोठ्या प्लास्टिकवर वाऱ्याचा जोर येतो आणि तो थेट हँडलला पोचतो. पट्टी तशीच ठेवून फक्त प्लास्टिक काढा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला जाऊन बघा. डुलणं थांबलं तर प्लास्टिक लहान आकाराचं घ्या, वर लावलेली जोड-पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा कोन सारखा करा. थांबलं नाही तर गार्ड निर्दोष आहे. टायरमधली हवा बघा, मागे लादलेलं सामान बघा, आणि मग कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग). पुढचं चाक उचलून दोन्ही फोर्क खालून धरून मागे-पुढे ढकला. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे. तो घट्ट करणं मिस्त्रीचं काम. जास्त आवळला तर हँडल मधोमध अडकतं आणि गाडी आणखी डुलते.

इथे थांबा, मिस्त्रीकडे जा

गार्ड पूर्ण उतरवूनही मूठ रेंगाळत परत येत असेल, तर वायर, थ्रॉटल बॉडी किंवा कार्ब्युरेटर बघावं लागेल. मुठीच्या आत ऑइल किंवा ग्रीस ओतून बघण्याचा मोह आवरा. त्यात धूळ चिकटते आणि चार दिवसांनी ती अधिकच अडकते.

होजवर चिरा, चेपलेली खूण किंवा ओल दिसली, मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पला तडा दिसला, गार्ड काढूनही चाक घासत राहिलं, लिव्हर मऊ लागली किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल, तर गाडी चालवत नेऊ नका. टेम्पोत घाला, नाहीतर मिस्त्रीला घरी बोलवा.

गाडी पडल्यानंतर एका बाजूचा गार्ड जागेवर बसेनासा झाला, तर हँडल वाकलंय असं समजा. सीटवर बसून दोन्ही मुठींची उंची आणि मधल्या क्लॅम्पपासूनचं अंतर टेपने मोजा. वाकलेलं हँडल ठोकून सरळ करून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. अॅल्युमिनियमचं हँडल सरळ करताना आतून तडकू शकतं आणि तो तडा ग्रिपखाली दिसत नाही. नवंच टाका.

काही गाड्यांत हँडलच्या टोकात कंपनीनेच नट वेल्ड केलेला असतो. त्याचे आटे गेले किंवा बोल्ट आत तुटला तर लेथवाल्याकडे जावं लागतं. घरी ड्रिल घातलं की भोक तिरकं जातं, मग गार्डही तिरका. हँडल उतरवून न्या आणि सोबत मूळ बोल्ट, मूळ वेट आणि गार्डची कॉलर घेऊन जा, म्हणजे तो नवा तुकडा त्या मापाने बनवेल. आणि काढलेली वेटं, जुने बोल्ट, ग्रिपच्या टोप्या एका पिशवीत घालून गाडीचं नाव लिहून ठेवा. गाडी विकताना गार्ड काढून घ्यायचा असतो, तेव्हा हेच सामान सापडत नाही.